रुळलेल्या छोट्या खाऱ्या टाकीत पुढचा मासा कोणता घ्यावा?

आपण दिलेले तपशील आधी एकत्र मांडतो, कारण उत्तर त्यांच्यावरच अवलंबून आहे. सांगलीत विश्रामबागेतील घरी आपली ३० इंच लांब, १५ इंच रुंद आणि १५ इंच उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी दोन वर्षांपासून चालू आहे. तीत ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी, पिवळ्या शेपटीचा एक निळा डॅमसेल, एक क्लीनर कोळंबी, काही गोगलगायी आणि झोअँथिड व मश्रूम जातीचे मऊ प्रवाळ आहेत. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असून नायट्रेट १० पीपीएमच्या (दशलक्षात दहा भागांच्या) आसपास राहते. आपण नोकरीनिमित्त सोमवार ते शुक्रवार पुण्यात असता आणि तेवढे दिवस टाकी वडील पाहतात. पुण्यातील एका दुकानात आपल्याला ब्लू टँगचे दीड इंची पिल्लू, एक मँडरिन आणि एक फायरफिश आवडले आहेत. हे तिन्ही एकदम आणावेत का, आणि दुकानदार स्वस्तात देऊ करत असलेला डोमिनो डॅमसेलही सोबत घ्यावा का, असा आपला प्रश्न आहे.

टँग, मँडरिन आणि डोमिनो हे तिन्ही घेऊ नयेत. फायरफिश चालेल, परंतु आधी नको. या टाकीत आता एका माशाची आणि तो नीट रुळल्यावर फार तर आणखी एकाची सोय होऊ शकते, असे माझे मत आहे. पहिला मासा म्हणून मी पिवळ्या वॉचमन गोबीची शिफारस करेन.

काचेच्या मापाने आपली टाकी सुमारे ११० लिटरची भरते; पण पाणी काठापर्यंत नसते आणि खडक व वाळूही जागा घेतात, त्यामुळे प्रत्यक्ष पाणी ८५ ते ९० लिटरच असणार. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी सांगितला जाणारा ‘गॅलनमागे एक इंच मासा’ हा हिशेब येथे उपयोगाचा नाही. प्रवाळ खडकांवरचे मासे जागेचे मालक असतात. कोणी एका भोकाचा, कोणी एका कपारीचा, कोणी हातभर वाळूचा. दोन वर्षे त्याच टाकीत राहिलेल्या माशांनी ही वाटणी कधीच पूर्ण केलेली असते. म्हणून आवडत्या माशांची यादी करण्याआधी दोन-तीन संध्याकाळी दिवे चालू असताना नुसते समोर बसावे आणि कोणता मासा कोठे झोपतो, कोठून कोणाला हाकलतो, आणि कोणत्या भागात कोणीच फिरकत नाही, हे कागदावर मांडावे. यात वडिलांची मदत घ्यावी. रोज टाकी पाहणाऱ्या माणसाला या गोष्टी आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात.

आपल्या वर्णनावरून क्लाउनफिशच्या जोडीने उजवीकडचा वरचा कोपरा धरला आहे आणि डॅमसेल मधल्या खडकातील भोकात राहतो. क्लाउनफिशमध्ये सर्व पिल्ले आधी नर असतात. गटातील सर्वांत मोठा आणि वरचढ मासा मादी होतो. आपली मोठी मादी आज शांत वाटत असली तरी जोडीने अंडी घालायला सुरुवात केली की ती त्या कोपऱ्याच्या फूटभर परिसरात कोणालाही टिकू देणार नाही. टाकीत घातलेल्या हातालाही ती चावते. तिसरा क्लाउनफिश आणणे यामुळेच प्रश्नाबाहेर आहे. पिवळ्या शेपटीचा डॅमसेल त्याच्या कुळात सौम्य मानला जातो, पण जुना रहिवासी झाल्यावर तोही आपल्यासारख्या आकाराच्या, आपल्यासारख्या रंगाच्या आणि तेच खाणाऱ्या नवख्याच्या मागे लागतो. तेव्हा मोकळे राहिले ते डावीकडचे वाळूचे अंगण आणि पुढच्या काचेजवळचे मधल्या उंचीवरचे पाणी. नवा मासा या दोनपैकी एका ठिकाणी राहणारा, आणि घडणीने क्लाउन व डॅमसेल या दोहोंपेक्षा वेगळा हवा.

दुसरी मर्यादा सांगलीच्या हवेची आहे. परदेशी पुस्तकांतील आकडे येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. २५ अंश सेल्सिअसला समुद्राच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर त्याच तापमानाला गोड्या पाण्यात सव्वाआठच्या आसपास. पाणी ३० अंशांवर गेले की खाऱ्या पाण्यातील प्रमाण सव्वासहापर्यंत उतरते, आणि त्याच वेळी माशांचे श्वसन वाढलेले असते. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीला टेकतो तेव्हा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, नसलेली टाकी ३० अंशांच्या वर सहज जाते. पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरते, पण ते बाष्पीभवनामुळे उतरते. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग कमी होतो. त्यात वीज गेली की पृष्ठभाग हलायचा थांबतो आणि हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळणे मंदावते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात सांगलीच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून आपल्याकडे टाकीतील माशांची संख्या ठरवताना सर्वांत वाईट रात्र डोळ्यांसमोर ठेवावी: पंप बंद आहेत, बॅटरीवरचा एक छोटा हवेचा पंप तेवढा चालू आहे आणि खोली तापलेली आहे. त्या रात्री ८५ लिटर पाण्यात चार-पाच लहान मासे तग धरतील; सात-आठ मासे धरतीलच असे मी म्हणणार नाही.

आता आपण निवडलेल्या माशांविषयी. ब्लू टँगचे पिल्लू दुकानात फार गोजिरे दिसते, पण हा मासा पूर्ण वाढल्यावर सुमारे ३० सेंटिमीटर होतो आणि निसर्गात दिवसभर खडकांवरून अखंड पोहत असतो. आपल्या टाकीची लांबीच ७६ सेंटिमीटर आहे. ‘मोठा झाल्यावर मोठी टाकी घेऊ’ हा विचार बहुतेकांच्या मनात असतो, पण तोवर मासा खुरटतो किंवा सतत काचेला समांतर येरझारा घालत राहतो. अशा ताणात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सर्वांत आधी टँगनाच गाठतो. कित्येक शे लिटरची टाकी असेल तरच हा मासा घ्यावा.

मँडरिनची अडचण जागेची नाही, पोटाची आहे. तो लहान असतो, भांडत नाही आणि त्याच्या अंगावरच्या जाड बुळबुळीत थरामुळे त्याला त्वचेचे रोगही तुलनेने कमी होतात. परंतु तो दिवसभर खडकावरून एक-एक कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातला अगदी बारीक जीव, टिपत जगतो. दोन वर्षांच्या टाकीत हे सूक्ष्मजीव भरपूर दिसतात, म्हणून ‘रुळलेल्या टाकीत मँडरिन चालतो’ असे सांगितले जाते. पण एवढ्या थोड्या खडकावरचा साठा तो काही आठवड्यांत संपवतो, आणि आपल्या टाकीत क्लाउन व डॅमसेल हेही त्याचे वाटेकरी आहेत. त्यानंतर त्याचे पोट आत जाते, पाठीचा कणा दिसू लागतो आणि मासा हळूहळू उपासमारीने मरतो. गोठवलेले खाद्य खाणारे मँडरिन अधूनमधून मिळतात. तरीही त्यांना दिवसातून अनेकदा, जवळ जाऊन, पिपेटने खाद्य घालावे लागते. आठवड्याचे पाच दिवस हे काम वडिलांवर टाकणे योग्य होणार नाही.

डोमिनो डॅमसेल काटक आहे, स्वस्त आहे आणि म्हणूनच तो जाता जाता पिशवीत बांधून दिला जातो. तो १३-१४ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि वाढता वाढता टाकीचा दादा होतो. नंतर त्याला बाहेर काढायचे तर सगळे खडक उचलावे लागतात, आणि तेवढ्याने दोन वर्षांची घडी विसकटते. सहा पट्ट्यांचा रॅस, हॉकफिश आणि बटू एंजलफिश हेही कोणी सुचवले तर टाळावेत: पहिला छोट्या टाकीत नवख्यांना जगू देत नाही, दुसरा कोळंबीवर टपलेला असतो, आणि तिसऱ्याला जागा अपुरी पडून तो प्रवाळ टोचू लागतो. समुद्रघोडा कोणी दाखवला तर तेथून निघावे. त्याला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे.

वॉचमन गोबी, म्हणजे क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस, सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, जवळजवळ पूर्ण वेळ वाळूवर बसून असतो आणि बिळाच्या तोंडाशी राहून समोरून येणारे खाद्य टिपतो. क्लाउन वरच्या कोपऱ्यात, डॅमसेल मधल्या भोकात आणि गोबी खालच्या वाळूत, अशी वाटणी कोणाच्याही हक्काला धक्का न लावता होते. तो बारीक गोळ्यांचे कोरडे खाद्य लवकर स्वीकारतो, आणि आपल्या घरी ही बाब निर्णायक आहे. गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) उत्तम खाद्य खरे. पण ते पुण्याहून बर्फात घालून आणायचे, वीज गेल्यावर फ्रीजरमध्ये टिकवायचे आणि वितळवून धुऊन घालायचे, हा व्याप शनिवार-रविवारी आपण करू शकता. मधल्या पाच दिवसांसाठी मात्र एका चिमटीत भागणारे खाद्य खाणारा मासाच बरा.

या गोबीबरोबर पिस्तूल कोळंबी मिळाली तर जरूर घ्यावी, कारण या दोघांची भागीदारी घरच्या टाकीत पाहता येणाऱ्या फार थोड्या नैसर्गिक गोष्टींपैकी आहे. कोळंबीची दृष्टी अगदी अधू असते. ती बीळ खोदते, वाळू बाहेर ढकलते आणि बाहेर आल्यावर आपली एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबी पहारा देतो आणि धोका दिसताच शेपटी थरथरवून तिला आत पाठवतो. मात्र ती आणण्यापूर्वी आपले खडक कशावर उभे आहेत ते तपासावे. खडक वाळूवर टेकलेले असतील तर कोळंबी त्यांच्याखालची वाळू उपसेल आणि एखाद्या रात्री खडक काचेवर कोसळेल. खडक थेट तळाच्या काचेवर, किंवा काचेवर ठेवलेल्या पीव्हीसीच्या आधारावर हवेत आणि वाळू भोवतीने भरलेली हवी. वाळूचा थर किमान दोन इंच असावा आणि तिच्यात प्रवाळाचे बारीक तुकडे मिसळलेले असावेत. नुसत्या पिठासारख्या वाळूत बीळ उभे राहत नाही.

गोबी आणल्यानंतर किमान सहा आठवडे दुसरा मासा आणू नये. आपल्या टाकीत अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंची संख्या आजच्या तीन माशांच्या विष्ठेला पुरेल एवढीच आहे. दोन वर्षांची टाकी म्हणजे वाटेल तेवढा भार सोसणारी टाकी, हा समज चुकीचा आहे. भार हळूहळू वाढला तर जीवाणू वाढतात. एकदम वाढला तर अमोनिया वाढतो. या मुदतीत नायट्रेट २० च्या वर सरकू लागले, किंवा ते आटोक्यात ठेवण्यासाठी पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळा बदलावे लागले, तर दुसरा मासा आणूच नये.

तसे झाले नाही तर फायरफिशचा विचार करता येईल. हा मासा मधल्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून तरंगतो आणि वाहून येणारे कण टिपतो, त्यामुळे तो आपल्या दुसऱ्या मोकळ्या जागेत बसतो. तो एकच घ्यावा. जमलेली जोडी नसेल तर दोघांपैकी एक दुसऱ्याला मारतो. तो अत्यंत भित्रा आहे आणि घाबरला की वर उडी मारतो, अगदी बोटभर फटीतूनही. टाकीवर बारीक जाळीचे झाकण बसवल्याशिवाय तो आणू नये. खिडकीच्या ॲल्युमिनियम चौकटीत पारदर्शक नायलॉनची जाळी ताणून असे झाकण सांगलीत कोणताही खिडक्या करणारा कारागीर करून देईल. वायर आणि पाइप जाण्याच्या कोपऱ्यांतही जाळी हवी, कारण मासा नेमका तेथूनच जातो. गोबीला डॅमसेलने फार छळले असेल, तर फायरफिश त्याच्यासमोर टिकणार नाही असे समजावे. त्या स्थितीत थोडा दणकट बांगाई कार्डिनल हा पर्याय आहे. तो रानटी अवस्थेत मुख्यतः इंडोनेशियातील बांगाई बेटांभोवतीच सापडतो आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्याची नोंद धोक्यात असलेली जात म्हणून केली आहे, म्हणून घ्यायचाच तर पैदास केलेला आहे असे खात्रीने सांगणाऱ्याकडूनच घ्यावा. रॉयल ग्रामाचे नाव परदेशी याद्यांत नेहमी असते, पण तो कॅरिबियन समुद्रातला असल्याने आपल्याकडे क्वचित येतो आणि महाग पडतो.

दुकानात मासा निवडताना रंगापेक्षा श्वासाकडे पाहावे. कल्ले भराभर हलत असतील, मासा पंपाच्या धारेत तोंड देऊन उभा असेल, पोट आत गेले असेल किंवा विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी लोंबत असेल, तर किंमत कितीही उतरली तरी परत यावे. आदल्या दिवशी आलेला मासा कधीही घेऊ नये. पैसे आगाऊ देऊन दोन आठवडे दुकानातच ठेवायला सांगावे. आपण पुण्यात राहत असल्याने मधल्या काळात दोनदा जाऊन पाहणे सोपे आहे. सायनाइड वापरून पकडलेले मासे पहिले काही दिवस झळाळतात, खातातही आणि मग अचानक मरतात, त्यामुळे या दोन आठवड्यांचा दुहेरी उपयोग होतो. घेण्याच्या दिवशी दुकानदाराला आपल्यासमोर खाद्य घालायला लावावे, आणि त्याच टाकीतील इतर माशांवर ठिपके किंवा धुरकट थर नाही ना हेही पाहावे. शक्य असेल तेथे पैदास केलेला मासा मागावा. क्लाउनफिशच्या बाबतीत आपल्याकडे हे काम झाले आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतील मंडपम येथील केंद्राने त्यांची पैदास केली आहे.

खरेदी ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावी. मे महिन्यातील प्रवास आणि महापुराचे दिवस दोन्ही टाळावेत. थर्माकोलच्या पेटीत पिशवी घालून स्वतःबरोबर आणावी. ट्रॅव्हल्सच्या डिकीत पार्सल म्हणून टाकू नये.

पिशवी उघडण्याविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण येथे हौशी लोक जास्तीची काळजी घेऊन मासा गमावतात. बंद पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पाण्याचा पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया कमी विषारी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तेच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होते. अशा पाण्यात माशाला दोन तास ठेवून थेंबाथेंबाने नवे पाणी सोडणे म्हणजे त्याला विषात बसवणे आहे. पाच तासांच्या प्रवासानंतर बंद पिशवी १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग उघडून मासा लगेच विलगीकरणाच्या, म्हणजे नव्या माशाला काही आठवडे वेगळे ठेवण्याच्या, टाकीत सोडावा आणि पिशवीतील पाणी फेकून द्यावे. यासाठी विलगीकरणाच्या टाकीची क्षारता (पाण्यातील मिठाचे प्रमाण) आधीच दुकानातील पाण्याशी जुळवलेली हवी. क्षारता ज्यावरून मोजतात ते विशिष्ट गुरुत्व बरीच दुकाने १.०१९ च्या आसपास ठेवतात, आपली टाकी १.०२५ वर आहे. क्षारता उतरणे मासा सोसतो, एकदम चढणे त्याला जड जाते. म्हणून विलगीकरणातच ती रोज एक-दोन सहस्रांशांनी वाढवत आणावी.

विलगीकरण ऐच्छिक मानू नये. चाळीस-पन्नास लिटरची साधी टाकी, वाळू व खडक काही नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, हीटर आणि मुख्य टाकीत महिनाभर भिजवून जीवाणू धरलेला स्पंज फिल्टर, एवढ्यावर काम भागते. मुख्य टाकीतून दर आठवड्याला काढलेले पाणी तेथे वापरता येते. उलट दिशेने पाणी, जाळी किंवा स्पंज काहीही जाऊ देऊ नये. मुदत किमान चार आठवडे, सहा असतील तर उत्तम. क्रिप्टोकॅरिऑन हा पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशावर काही दिवसच राहतो, मग गळून पृष्ठभागावर कोष करतो आणि काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी पुन्हा बाहेर पडतो. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे समजून आठव्या दिवशी मासा हलवला की तो मुख्य टाकीत शिरतो. मग सर्व मासे बाहेर काढून टाकी सुमारे ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते. क्लीनर कोळंबी हा रोग बरा करत नाही, दुकानदार काहीही सांगो. तांब्याचे औषध द्यावे लागले तर ते विलगीकरणातच, आणि मोजण्याचे किट हाताशी असेल तरच द्यावे. औषध कोणत्या प्रकारचे आहे यावर मात्रा सुमारे दहापट बदलते, त्यामुळे अंदाजाने टाकू नये. मुख्य टाकीत तांबे गेले तर कोळंबी आणि गोगलगायी मरतील, आणि खडक ते शोषून ठेवतील. पहिले दहा दिवस सर्वांत जोखमीचे असतात, कारण मखमली रोग हा दुसरा परजीवी रोग दोन-तीन दिवसांत मासा संपवू शकतो. म्हणून मासा दिवाळीच्या सुट्टीच्या सुरुवातीला आणावा, म्हणजे ते दिवस आपण घरी असाल. पुढचे तीन आठवडे वडिलांना रोज तीनच गोष्टी कळवायला सांगाव्यात: खाल्ले का, श्वास कसा आहे, अंगावर काही दिसते का.

मुख्य टाकीत सोडण्याच्या दिवशी डावीकडचे एक-दोन छोटे खडक हलवून ठेवावेत, म्हणजे डॅमसेलची सीमा थोडी पुसली जाते. भोके पाडलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात गोबीला दोन-तीन दिवस वाळूजवळ ठेवावे आणि डॅमसेल डब्याला धडका देणे थांबवेपर्यंत सोडू नये. मग दिवे मालवल्यावर, बाकीच्यांचे पोट भरलेले असताना सोडावे. पहिले दोन दिवस गोबी दिसला नाही तरी खडक उचलून शोधू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही त्याचे पंख फाटलेले दिसले किंवा तो वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी चिकटून राहिला, तर गोबीला परत न काढता डॅमसेललाच सापळ्याच्या डब्याने पकडून दहा दिवस विलगीकरणाच्या टाकीत ठेवावे; मात्र तेथे तांबे वापरले असेल तर टाकी धुऊन पाणी नवे घ्यावे. तो परत येईल तेव्हा गोबीने वाळू आपलीशी केलेली असेल आणि नवखा डॅमसेल ठरेल. त्यानंतरही त्याने पाठलाग सोडला नाही, तर त्या टाकीला गोबी किंवा डॅमसेल यांपैकी एकच झेपतो असे धरून डॅमसेल दुकानात परत द्यावा आणि फायरफिशचा निर्णय त्यानंतर घ्यावा.